तारीख ठाऊक असलेला सण

आपल्याकडचे बहुतेक सण पंचांग पाहिल्याशिवाय कळत नाहीत. चतुर्थी कधी ऑगस्टअखेर येते, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. दिवाळी ऑक्टोबर आणि नोव्हेंबर यांच्यात मागेपुढे होते. ईद तर दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. नाताळचे तसे नाही. तो मागच्या वर्षी २५ डिसेंबरला आला होता आणि पुढच्या वर्षीही त्याच तारखेला येणार आहे. असे असूनही गोव्यातल्या कितीतरी घरांत डिसेंबरचा पंधरवडा उलटला की जणू पाहुणा न सांगता दारात येऊन उभा राहिला अशी धांदल उडते, आणि त्या धांदलीचे देणे फेब्रुवारीपर्यंत फेडत बसावे लागते. एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर मी वीसेक वर्षे काढली. चतुर्थीच्या आधी हिंदू कुटुंबे आणि नाताळच्या आधी ख्रिस्ती कुटुंबे रुमालात गुंडाळलेल्या बांगड्या घेऊन त्याच एका खुर्चीवर येऊन बसत असत. अर्जातल्या कारणाच्या रकान्यात दोघेही ‘घरखर्च’ असेच लिहीत. सण असे कोणी लिहिलेले मला आठवत नाही. तेव्हा हा विषय शेजाऱ्यांचा आहे, आपला नव्हे, असे हिंदू वाचकांनी समजू नये. मी नाताळचे उदाहरण घेतो ते एवढ्यासाठीच की त्याची तारीख ठाम आहे आणि म्हणून ‘कळलेच नाही’ ही सबब तिथे चालत नाही.

माझे म्हणणे असे आहे की नाताळ महाग झाला तो वस्तू महागल्यामुळे जितका, त्याहून अधिक तो शेवटच्या आठवड्यात कोंबला गेल्यामुळे आणि प्रत्येक घर तो एकेकट्याने विकत घेऊ लागल्यामुळे. पूर्वीचा नाताळ स्वस्तात होत असे याचे कारण लोक गरीब होते एवढेच सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. परसातले डुक्कर वर्षभर वाढत असे, माडाचे नारळ पाडून ठेवलेले असत, व्हिनेगर घरातच मुरत असे आणि नेवऱ्या लाटायला शेजारच्या चार बायका येऊन बसत. खर्च होता, पण तो अनेक महिन्यांवर आणि अनेक हातांवर पसरलेला होता. आज तोच खर्च एका पाकिटातून आणि एका आठवड्यात निघतो, म्हणून तो झेपत नाही.

आधी पगाराचे गणित पाहू. नोकरदाराचा पगार महिनाअखेरीस किंवा पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होतो. म्हणजे २५ तारखेचा नाताळ बहुतेकांना नोव्हेंबरच्या पगाराच्या शेपटावर साजरा करावा लागतो, आणि डिसेंबरचा पगार हाती येतो तेव्हा नववर्षाचा खर्चही होऊन गेलेला असतो. बोनसचीही तीच गत आहे. बोनसच्या कायद्याने किमान ८.३३ टक्के बोनस ठरवला आणि हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत तो देण्याचे बंधन घातले. मार्चअखेर वर्ष बंद करणाऱ्या आस्थापनांसाठी याचा अर्थ नोव्हेंबरअखेर असा होतो, आणि प्रत्यक्षात तो दिवाळीच्या सुमारास दिला जातो. ज्याचा मुख्य सण डिसेंबरात आहे त्याच्या हातात हा पैसा दोन महिने आधी पडतो आणि दोन महिन्यांत पैसा काय काय करतो हे सांगायला नको. मग मधल्या फटीत क्रेडिट कार्ड शिरते. कार्डावरची थकबाकी बहुधा दरमहा ३ ते ३.७५ टक्के व्याजाने वाढते, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के, आणि हा दर सोनेतारणाच्या दरापेक्षा किती तरी जड आहे. बांगडी गहाण ठेवणाऱ्या बाईला निदान आपण कर्ज काढतो आहोत एवढे तरी समजत असे. कार्ड पुढे करणाऱ्याला ते जानेवारीचे बिल येईपर्यंत समजत नाही.

यावरचा उपाय इतका साधा आहे की तो सांगताना संकोच वाटतो. समजा, एखाद्या कुटुंबाने यंदाच्या नाताळला ३०,००० रुपये खर्चायचे ठरवले. फेब्रुवारी ते नोव्हेंबर असे दहा महिने दरमहा ३,००० रुपये बाजूला ठेवले की ते जमतात. पोस्टातली आवर्ती ठेव दरमहा १०० रुपयांपासून सुरू करता येते, पण तिची मुदत ५ वर्षांची असल्यामुळे ती या कामाची नाही. बँकेत किंवा पतसंस्थेत कमी मुदतीची ठेव मिळते, ती घ्यावी. मला त्याहून आवडते ती भिशी. आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, एका भिशीत हिंदू आणि ख्रिस्ती बायका मिळून आहेत. त्यात ऑगस्टची उचल चतुर्थीवाल्या घेतात आणि नोव्हेंबरची नाताळवाल्या. भांडण होत नाही, कारण दोघींची गरज एका महिन्यात येत नाही. एखाद्या अर्थशास्त्रज्ञाने मुद्दाम बसून आखावी अशी ही व्यवस्था त्या बायकांनी बोलता बोलता उभी केली आहे.

पण आधी तजवीज करणे म्हणजे केवळ पैसे साठवणे नव्हे, आणि ही गोष्ट गोव्याला कोणी शिकवायची गरज नाही. इथे पावसाळ्यापूर्वी ‘पुरुमेंत’ करतात. एप्रिल-मे महिन्यांत सुके मासे, मिरची, सोलां (आमसुले), चिंच, उकडे तांदूळ, लोणची आणि चोरिसांच्या (डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या) माळा भरून ठेवायच्या, म्हणजे मासेमारी बंद असताना आणि वाटा चिखलात रुतलेल्या असताना घर अडत नाही. हा शब्दच बेगमी या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला आहे, आणि हिंदू-ख्रिस्ती दोन्ही घरांत तो सारखाच चालतो. चार महिन्यांच्या पावसासाठी जे शहाणपण आपण दाखवतो ते चार दिवसांच्या सणासाठी का दाखवत नाही, याचे उत्तर मला असे दिसते की पावसाळ्याच्या बेगमीत कोणाला काही दाखवायचे नसते. सणात दाखवायचे असते, आणि दाखवण्याच्या वस्तू आधीपासून आणून ठेवल्या तर त्या जुन्या वाटतात.

फराळाचे पदार्थच पाहिले तर ते स्वतःच वेळापत्रक घेऊन येतात. पेराद म्हणजे पेरूची वडी. साखरेत नीट आटवली तर ती कित्येक आठवडे टिकते, म्हणून पेरू बाजारात भरपूर आला की नोव्हेंबरातच ती करून ठेवावी. रवा आणि खोबऱ्याच्या बोलिन्हा आणि काट्यावर किंवा फणीवर वळलेले कुलकुल हवाबंद डब्यात चांगले राहतात. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते उरकता येतात. हरभऱ्याची डाळ आणि नारळ आटवून केलेले दोस, काळ्या गुळातले दोदोल आणि ओल्या सारणाच्या नेवऱ्या यांची पाळी त्यानंतरची. सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचे आंबट-तिखट कालवण, तर केल्या दिवशी खाऊच नये; व्हिनेगर मुरायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून २२ तारखेला ते शिजवून रोज एक उकळी देत ठेवणारी गृहिणी २५ तारखेला सकाळी चर्चमधून येऊन शांतपणे बसू शकते. सान्नां, म्हणजे इडलीसारखे वाफवलेले तांदळाचे पदार्थ, मात्र ताजेच हवेत. हा क्रम पाळणाऱ्या घराला गॅसचे दोन सिलिंडर एकदम लागत नाहीत आणि २३ तारखेला अंडी, साखर, तूप आणि मांस एकाच फेरीत, मागेल त्या भावाने आणावे लागत नाही. हिवाळ्यात अंडी महागतात, आणि बिबिंकाच्या, म्हणजे थराथरांच्या गोड पदार्थाच्या, एका साच्यात पिवळ्या बलकांची किती रास लागते हे ज्याने पाहिले आहे त्याला ही बाब क्षुल्लक वाटणार नाही.

या साऱ्याच्या तळाशी नारळ आहे. दोस, दोदोल, बिबिंक, बोलिन्हा, बातिका, नेवऱ्या, शागोती (वाटणातले मांसाचे कालवण) यांतला एकही पदार्थ नारळाशिवाय होत नाही. गोव्याच्या नाताळचे अंदाजपत्रक म्हणजे मुख्यतः नारळाचे अंदाजपत्रक होय. आणि नारळ महागला आहे. माडांना लागणारी कीड, बागांत शिरणारी माकडे आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे माडावर चढणाऱ्या पाडेल्यांची टंचाई, यांमुळे ज्यांच्या दारात माड आहेत तेसुद्धा आज बाजारातून नारळ आणताना दिसतात. पाडेली मिळाला तर तो एका घरासाठी येत नाही. चार-पाच घरांनी मिळून एक दिवस ठरवला तर येतो. नोव्हेंबरात असा दिवस ठरवून पाडलेले, सोडण न काढता सुक्या जागी ठेवलेले नारळ नाताळपर्यंत आरामात राहतात. मी जे अनेक हात म्हणतो ते हे.

इथे एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावासा वाटतो. पूर्वीच्या नाताळचे गुणगान करताना आपण हे विसरतो की ते अनेक हात बायकांचे होते आणि त्यांची मजुरी कोणी मोजत नव्हते. बिबिंकाचा एकेक थर वरून निखारे ठेवून भाजायचा, तो झाला की दुसरा ओतायचा, असे सात थर किंवा त्याहूनही अधिक करत दिवसभर धुरात बसायचे, याला बचत म्हणणे अन्यायाचे आहे. म्हणून ‘सगळे घरीच करा’ असा सल्ला मी देणार नाही. गोव्याच्या बिबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते करून उपजीविका करणाऱ्या बायका गावोगाव आहेत. त्यांच्याकडे नोव्हेंबरातच आगाऊ सांगून एक लहान बिबिंक घ्यावे, त्याचे पुरेपूर पैसे द्यावेत, आणि घरी ते करावे जे मुलांना आणि पुरुषांनाही करता येते. कुलकुल वळायला कौशल्य लागत नाही, बसण्याची तयारी लागते. फळे महिनाभर रममध्ये भिजवून केलेला, काजू-बेदाण्यांनी ठासून भरलेला केक ही अलीकडे जवळजवळ सक्तीची झालेली वस्तू आहे. पण गोव्याच्या जुन्या घरांत केक म्हणजे रवा-खोबऱ्याची बातिका, आणि ती कमी पडली म्हणून कोणाचा नाताळ उणा झाल्याचे ऐकिवात नाही.

खाण्यापिण्यावर मी इतके रेंगाळलो, कारण तिथे तजवीज करण्याजोगे खूप आहे. कपात करण्याजोगे मात्र फारसे नाही. खरी गळती दुसरीकडे आहे. दुबई-मस्कतहून येणारा, बोटीवरून सुट्टीला उतरणारा किंवा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात गेलेला नातेवाईक डिसेंबरात घरी येतो तेव्हा तो वर्षभराची भूक घेऊन येतो आणि वर्षभराची बचतही. तो खर्च करतो यात त्याचा दोष नाही. अडचण होते ती इथेच राहून इथल्याच पगारावर जगणाऱ्या भावाची, जो त्याच टेबलावर बसतो, ज्याच्या मुलांना त्याच दिवशी भेटवस्तू मिळतात आणि ज्याला परतभेट द्यावी लागते. भेटवस्तूंचा हा व्यवहार मुळात आपल्याकडचा नव्हे. इथला जुना व्यवहार कोन्सुवादचा: फराळाचे ताट विणलेल्या रुमालाने झाकून शेजारी पाठवायचे. चतुर्थीला आमच्या घरून नेवऱ्या आणि मोदक जातात, नाताळला तिकडून दोस आणि दोदोल येते, आणि रिकामे ताट परत पाठवायचे नाही म्हणून त्यात मूठभर साखर तरी घातली जाते. त्या ताटात काय किमतीचे आहे हे कोणी मोजत नाही. मॉलमधल्या डब्यावर मात्र किमतीची चिठ्ठी काढली तरी किंमत कळतेच.

म्हणून मोठ्या कुटुंबांनी ऑक्टोबरातच एकदा बसून स्पष्ट बोलावे असे मला वाटते. भेटी फक्त बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायच्या, मोठ्यांनी चिठ्ठ्या टाकून एकाने एकालाच द्यायची, आणि रकमेची वरची मर्यादा घरातल्या सर्वांत कमी कमावत्याला विचारून ठरवायची. हे शेवटचे महत्त्वाचे आहे. मर्यादा नेहमी जास्त कमावणारा ठरवतो आणि त्याला ती उदारपणाची वाटते. दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही या बैठकीत बसवावे. नवे कपडे हवेत की ३१ डिसेंबरच्या नाचाचे तिकीट, हा प्रश्न त्यांच्यासमोर आकड्यांसह ठेवला तर ती मोठ्यांपेक्षा लवकर निर्णय घेतात, हे मी माझ्याच घरात दिवाळीला पाहिले आहे.

प्रवासाबद्दल थोडक्यात. मुंबई-पुण्याहून घरी येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की रेल्वेच्या आरक्षणाची मुदत नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. २३ डिसेंबरच्या गाडीचे आरक्षण २४ ऑक्टोबरला सकाळी खुले होते आणि कोकण रेल्वेवर ते पाहता पाहता संपते. नंतर उरतात त्या खाजगी बसगाड्या आणि विमाने, आणि गोव्याचा डिसेंबर हा सगळ्या जगाचाही डिसेंबर असल्यामुळे त्यांचे दर आपल्यासाठी थांबत नाहीत. चार माणसांच्या कुटुंबाने एवढी एक तारीख सांभाळली तरी जो पैसा वाचतो, तो साऱ्या फराळाच्या खर्चाशी तोलून पाहावा.

आता सर्वांत जास्त ऐकू येणारा युक्तिवाद. सण हिशेबाने होत नाही, वर्षातून एकदा येतो, तेव्हा हात आखडू नये, असे म्हणतात आणि म्हणणारे बहुधा मनापासून म्हणतात. पण नाताळची स्वतःची परंपराच याच्या उलट साक्ष देते. नाताळच्या आधीचे चार रविवार चर्चच्या दिनदर्शिकेत तयारीचे म्हणून राखून ठेवलेले आहेत. वाट पाहणे हा त्या सणाचाच भाग मानला आहे. येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा करताना त्यातले हिरवे गवत दिसावे म्हणून वाटीत नाचणी किंवा गहू दोन आठवडे आधी पेरतात, आपल्याकडे घटस्थापनेला रुजवण घालतात तसेच. २४ तारखेला संध्याकाळी आठवण झाली तर ते उगवत नाही. मग प्लास्टिकची हिरवळ विकत आणावी लागते. बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद यांचे नखेत्र, म्हणजे चांदणीचा आकाशकंदील, घरी करणाऱ्या मुलांना जे सुख मिळते ते महागडे होते असे कोणी म्हणू शकेल का? हिशेब केल्याने सणाचा आनंद आटतो हे म्हणणे मला पटत नाही, कारण व्याज भरताना आनंद झालेला माणूस मी त्या टेबलावर एकही पाहिला नाही.

तरीही सारे ओझे कुटुंबांवरच टाकून मोकळे होणे बरोबर नाही. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याच्या लोकसंख्येत २५ टक्के ख्रिस्ती आहेत. इतक्या लोकांचा सण ही बाजारव्यवस्थेची बाब ठरते. भाजी, दूध आणि अंडी यांसाठी आपण बेळगावकडे पाहतो, आणि डिसेंबरात त्याच मालावर हॉटेलांचीही मागणी पडते. राज्याचे फलोत्पादन महामंडळ आपल्या गाड्यांवरून सवलतीच्या दराने भाजी विकते, आणि नारळ भडकले तेव्हा २०२५ च्या चतुर्थीपूर्वी सवलतीच्या नारळांचीही सोय केली गेली. तीच सोय नाताळपूर्वी तितक्याच ठळकपणे व्हावी, आणि ती २० डिसेंबरला न होता जुन्या गोव्याच्या ३ डिसेंबरच्या फेस्तापूर्वी, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या सणापूर्वी, व्हावी, अशी मागणी करण्यात गैर काही नाही. मालकवर्गाला कायद्याने नोव्हेंबरअखेरची मुभा दिलेली आहे. ज्या कामगाराला बोनस दिवाळीऐवजी नोव्हेंबरच्या शेवटी हवा असेल त्याला तसे निवडू द्यायला एक अर्ज पुरेसा आहे. आणि आम्हा पतसंस्थावाल्यांनीही स्वतःकडे पाहावे. सणासाठी कर्ज अशा पाट्या आम्ही डिसेंबरात लावतो. सणासाठी ठेव अशी पाटी फेब्रुवारीत लावलेली मी माझ्या नोकरीच्या काळात पाहिली नाही, आणि मीही ती कधी सुचवली नाही. कर्जात संस्थेला मिळते ते ठेवीत मिळत नाही, हे त्याचे कारण होते.

आमच्या शेजारी एक वयस्क ख्रिस्ती बाई राहतात. सारा वाडा त्यांना माय म्हणतो. त्यांचे यजमान बोटीवर होते आणि पैसे कधी चार महिन्यांनी तर कधी सहा महिन्यांनी येत. त्यामुळे आगाऊ तजवीज करणे ही त्यांच्यासाठी निवड कधीच नव्हती. ६ जानेवारीला तीन राजांचे फेस्त झाले, गोठा उचलून माळ्यावर गेला की दुसऱ्या दिवशी त्या एक जुनी वही काढून बसतात. किती नारळ लागले, कोणत्या दुकानी तूप चांगले मिळाले, किती ताटे गेली आणि कोणाकडे द्यायचे राहून गेले, असे सगळे त्या पेन्सिलीने लिहितात, आणि पुढच्या ऑक्टोबरात तेच पान उघडून यादी करतात. यंदा त्यांनी ती वही मला दाखवली. गेल्या नाताळच्या पानावर शेवटची ओळ होती: दोदोल उरले, नेवऱ्या कमी पडल्या, वाड्यात नवीन भाडेकरू आले आहेत त्यांचे एक ताट वाढवणे.